वेताळाचा मुलगा आणि तेरवीचा दुपट्टा

बाप गेलेल्या घरातल्या चौदा-सोळा वर्षांच्या पोराला घरचा कर्ता करणं आपण थांबवलं पाहिजे. शेती, कर्ज, कायदा या अंगांनी यावर बोलायला हवं आणि मी बोलणारच आहे. पण या प्रश्नाचा सगळ्यात बारकाईनं केलेला विचार मला सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये सापडला, म्हणून सुरुवात तिथून करतो.

वारसदार नायक हा त्या कॉमिक्समधला एक मोठा प्रकार आहे. जुना नायक मरतो नाहीतर बाजूला होतो, आणि त्याचं नाव, त्याचा मुखवटा, त्याचं अर्धवट राहिलेलं काम शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोराच्या किंवा पोरीच्या अंगावर येतं. कंपन्या हे का करतात ते उघड आहे. नावाची मालकी त्यांची असते, नाव खपतं, आणि जुना चेहरा वाचकांना शिळा वाटू लागला की त्याच नावाखाली नवा आणावा लागतो. पण धंद्याच्या गरजेतून निघालेल्या या प्रकारात काही लेखकांनी खरोखर खोल पाणी शोधलं. दुसऱ्याचं अपुरं राहिलेलं आयुष्य पुढं चालवायची जबाबदारी लेकरावर टाकता येते का? टाकलीच तर मोठ्या माणसांनी त्या बदल्यात त्याला काय द्यायला हवं? आणि नको म्हणायचा हक्क त्याला आहे का?

यातला सगळ्यात जुना वारसदार आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीच्या ओळखीचा आहे. ली फॉक यांचा फँटम १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आला. टाइम्स ऑफ इंडिया समूहानं १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स काढले आणि त्यातून तो मराठीत वेताळ म्हणून आला. एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या दुकानातून, सुट्टीत नागपूर-अमरावतीहून येणाऱ्या भावंडांच्या पिशवीतून तो खेड्यांपर्यंत पोचला. जंगलातल्या लोकांना वाटतं की वेताळ अमर आहे, शेकडो वर्षं तो एकच माणूस आहे. खरी गोष्ट फक्त वाचकाला माहीत असते. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या पहिल्या वेताळानं बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख अंगावर चढवतो. आपण वाचायचो तो एकविसावा.

त्या एकविसाव्याची हकीकत मोठेपणी पुन्हा वाचली की वेगळी दिसते. बापानं त्याला शिकायला अमेरिकेत नातेवाइकांकडे ठेवलं होतं. तिथं तो खेळात चमकला, पुढं त्याला अनेक वाटा मोकळ्या होत्या. मग बाप अखेरच्या घटका मोजतोय म्हणून बोलावणं आलं. तो परत आला, त्यानं शपथ घेतली आणि त्याच्या बाकीच्या वाटा बंद झाल्या. यापुढं त्यानं बापासारखंच दिसायचं, बापासारखंच वागायचं, कारण तो जरा वेगळा वागला तर लोकांना कळेल की जुना वेताळ मेला. साऱ्या दंतकथेचा डोलारा मुलाच्या पुसलं जाण्यावर उभा आहे.

आपल्या गावांनी वारसा म्हणून नेमका हाच नमुना धरून ठेवला आहे.

आमच्याकडे, यवतमाळच्या कोरडवाहू पट्ट्यात, तेरवीच्या दिवशी मामाकडून दुपट्टा आणि टोपी येते. घरचा मोठा मुलगा पाटावर बसतो. दहाव्याला भादरलेल्या डोक्यावर ती पांढरी टोपी सैल बसते, कानांपर्यंत उतरते, कारण दुकानात मिळणारी टोपी मोठ्या माणसाच्या मापाची असते. खांद्यावर दुपट्टा पडतो. मग एकेक जण पुढं येऊन पाठीवर हात ठेवतो आणि जवळपास तेच वाक्य म्हणतो: "आता तूच पाहाय सारं, बाबू. मायकडे, बहिणीकडे तुलेच पाहा लागते." कोणाचाही हेतू वाईट नसतो. पोराला धीर द्यायचा याहून दुसरा मार्ग त्यांना कोणी शिकवलेला नसतो. पण ते पोरगं नववीत असतं. त्या पाटावरून उठल्यावर त्याला रडायची सोय राहत नाही.

पुढच्या खरिपात त्याच्या हातात डवरं, म्हणजे बैलांचं कोळपं, येतं. मग पाठीवर फवारणीचा पंप येतो. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते सगळ्या राज्यानं पाहिलं. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मा यांवर पुष्कळ बोललं गेलं. पंप कोणाच्या पाठीवर आहे, यावर फार कमी बोललं गेलं. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी घातली, पण शाळेच्या वेळेनंतर घरच्या शेतात मदत करायची मुभा ठेवली. ज्या घरात दोन्ही मोठी माणसं आहेत तिथं ही मुभा समजू शकते. जिथं बाप नाही तिथं मदत आणि मजुरी यांतली रेघ जूनच्या पहिल्या पावसातच पुसली जाते, आणि कापूस वेचणीला आला की शाळेच्या हजेरीपटावर ते स्पष्ट दिसतं.

आता दुसऱ्या वारसदाराकडे वळतो. माइल्स मोरालेस. तो २०११ साली आला. ब्रायन मायकेल बेंडिस यांनी त्याला लिहिलं, सारा पिकेली यांनी त्याचं चित्र घडवलं. मार्व्हल कंपनीच्या मुख्य मालिकेत मूळचा स्पायडर-मॅन पीटर पार्कर जिवंतच होता, पण 'अल्टिमेट' या समांतर मालिकेत तो मरतो. तिथला पीटरही शाळकरी वयाचाच. त्याच्यामागून स्पायडर-मॅन होतो तो ब्रुकलिनमधला तेरा वर्षांचा माइल्स. बाप आफ्रिकन-अमेरिकन, आई प्वेर्तो रिकन. चिठ्ठ्या टाकून प्रवेश देणाऱ्या एका चांगल्या शाळेत त्याचा नंबर नुकताच लागलेला. आमच्या पोरांना तो ओळखीचा आहे. कॉमिक्समधून नव्हे, मोबाइलवर पाहिलेल्या ॲनिमेशनपटांतून. २०२३ चा दुसरा चित्रपट भारतात दहा भाषांत लागला आणि त्यांत मराठीही होती.

माइल्सला शक्ती आधीच मिळालेली असते, पण तो ती लपवतो. त्याला साधं आयुष्य हवं असतं. पीटर मरतो तेव्हा तो तिथं पोचलेला असतो आणि नंतर स्वतःला खात राहतो, मी आधीच पुढं आलो असतो तर हा वाचला असता का. बाप गेलेल्या प्रत्येक पोराच्या मनात हा विचार असतो. त्या रात्री मी घरी असतो तर. फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते मला माहीत होतं, मी ते हलवलं असतं तर. दहावीच्या मुलांशी बोलताना हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं आहे, आणि त्यावर तिथल्या तिथं देता येईल असं उत्तर कोणत्याही शिक्षकाकडे नसतं. निदान दुसऱ्या एका पोराला, भले तो कागदावरचा असेल, हेच वाटलं होतं, हे कळलं की त्यांचे खांदे जरा सैल होतात. मी पाहिलं आहे.

पुढं जे होतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. माइल्स पीटरसारखाच पोशाख घालून बाहेर पडतो तेव्हा लोक त्याला बोलतात, मेलेल्या पोराचा वेष घेऊन फिरायला लाज नाही वाटत का. मग मोठी माणसं त्याच्यासाठी वेगळा, काळा-लाल पोशाख तयार करून देतात. नाव तेच, पण माप त्याचं आणि रंगही त्याचा. पीटरची मे काकू, जिचा लेकासारखा वाढवलेला पुतण्या गेला, ती पुढं स्वतः येऊन माइल्सच्या हातात पीटरची जाळी फेकायची यंत्रं देते. दुःख जिचं सगळ्यात मोठं तीच परवानगी देते, आणि तिच्या देण्यात 'तू आता पीटर हो' असा हुकूम नसतो.

मग २०१३ मध्ये त्या मालिकेत माइल्सची आई मरते. आणि तो थांबतो. मुखवटा काढून ठेवतो. कथेतलं एक अख्खं वर्ष स्पायडर-मॅन नसतो.

ही गोष्ट मी वर्गात तोंडी सांगतो. एकदा मधल्या सुट्टीत एका मुलानं, ज्याचे वडील आदल्या वर्षी गेले होते, हळूच विचारलं, "सर, त्यानं नाहीच म्हटलं असतं त चाललं असतं काय?" मी म्हटलं, चाललं असतं. एक वर्ष तो थांबलाच होता. तो गप्प झाला. पण बाजूला डबा खात बसलेल्या एका मुलीनं लगेच विचारलं, "अन् मंग त्या वर्षी लोकायले कोणं वाचवलं?"

सारा प्रश्न तिनं उघडा केला. कॉमिक्समधलं उत्तर सरळ आहे: शहरात दुसरे नायक होते, ते लढत राहिले. माइल्सला थांबता आलं, कारण त्याच्या थांबण्याचा भार उचलायला कोणीतरी होतं. आमच्या पोराला थांबता येत नाही, कारण त्याच्या शेताचा, त्याच्या मायच्या दवाखान्याचा, बहिणीच्या फीचा भार एक वर्षासाठीही कोणी उचलत नाही. तेरवीला पाठीवर पडलेले हात पंगत उठली की आपापल्या घरी जातात. म्हणून 'त्याला नको म्हणायचा हक्क द्या' असं नुसतं म्हणणं पोकळ आहे. तो हक्क खरा करायला शेजारच्यांना, भावकीला, शाळेला आणि सरकारला काम करावं लागेल.

आधी पैशाचं. वेताळाच्या मुलाची एक सोय आपल्या पोरांना नाही, आणि ती मला फार सलते. वेताळाच्या कवटीच्या गुहेत वह्या असतात. प्रत्येक वेताळानं आपण काय केलं, कोणाशी लढलो, हे त्यांत लिहून ठेवलेलं असतं आणि नवा वेताळ त्या वाचू शकतो. आमच्या पोराच्या हाती काय लागतं? खुंटीला टांगलेल्या शर्टाच्या खिशात कृषी केंद्राची बिलं, बँकेचं पासबुक, एका चिठोऱ्यावर नुसते आकडे आणि आडनावं. सोसायटीचं कर्ज किती, कृषी केंद्राची उधारी किती, खासगीतून किती टक्क्यांनी उचलले, मायच्या बचत गटाच्या नावावर किती काढले, हे बापानं कोणालाच सांगितलेलं नसतं. सांगणं म्हणजे हरणं, असं त्याला वाटत आलेलं असतं. मग तेरवीनंतर महिनाभर माणसं दारात येत राहतात आणि प्रत्येक जण एक आकडा सांगतो. तो खरा की खोटा, हे पंधरा वर्षांच्या पोरानं ठरवायचं.

याच्या उलट एक वारसदार आहे, हायमे रेयेस, तिसरा ब्लू बीटल. पहिला १९३९ चा, दुसरा १९६६ चा, आणि हा २००६ मध्ये आलेला टेक्सासमधल्या एल पासोचा मेक्सिकन घरातला पोरगा. सुपरहिरोंच्या कथांत घरच्यांपासून सगळं लपवायचं हा जुना दंडक. हायमे तो मोडतो. आपल्याला काय झालंय ते तो घरी सांगतो, आणि त्यामुळं त्याच्या कथेत सगळं घर त्याच्याबरोबर असतं, गॅरेज चालवणारा बाप, आई, लहान बहीण. त्याच्या वाट्याचं ओझं इतरांपेक्षा हलकं आहे असं नाही, पण ते एकट्याच्या खांद्यावर नाही. आमच्या घरांत कर्जाचा आकडा बाप जिवंत असतानाच बाईला आणि मोठ्या मुलांना माहीत असायला हवा. ही घराची अब्रू जायची गोष्ट नाही, घर वाचायची आहे.

कायदा या पोराच्या बाजूनं बराच उभा आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, ही जुनी कल्पना हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनं मोडीत काढली. त्यानंतर घेतलेल्या कर्जासाठी केवळ त्या कर्तव्याच्या नावाखाली मुलाकडे वसुलीला येता येत नाही. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती असते, त्याच्या पुढच्या आयुष्यभराच्या कमाईवर नसते. बिगरपरवाना सावकारानं जमीन बळकावली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. फेरफार होऊन सातबाऱ्यावर पोराचं नाव चढतं तेव्हा त्यापुढं 'अ.पा.क.' लिहून आईचं नाव येतं, म्हणजे मुलगा अज्ञान आणि आई त्याची पालनकर्ती. त्याच्या वाट्याची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही विकता येत नाही. महसूल खातं त्याला अठरा पूर्ण होईपर्यंत लेकरू मानतं. त्याच गावात, त्याच महिन्यात, आपण मात्र त्याला कर्ता म्हणून मोकळे झालेले असतो.

पण कायदा एका ठिकाणी मोठा तोकडा पडतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता, म्हणजे आठवीपर्यंत आहे. दुपट्टा खांद्यावर पडायचं वय नेमकं त्यानंतर सुरू होतं. नववीतून पोरगं गळालं तर त्याला परत आणायची जबाबदारी तितक्या ठामपणे कोणाचीच नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात अठरा वर्षांपर्यंतची भाषा आहे, पण धोरणातल्या भाषेनं वेचणीच्या हंगामात शेतात गेलेलं पोरगं बाकावर येऊन बसत नाही. हा हक्क बारावीपर्यंत नेणं ही मागणी विदर्भानं सगळ्यात मोठ्या आवाजात करायला हवी.

सरकारी मदतीचंही बोललं पाहिजे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखात ३०,००० तातडीनं आणि ७०,००० ठेवीत, अशी वर्षानुवर्षांची रीत आहे. त्याआधी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं, आणि ते ठरेपर्यंत घराची सारी ताकद कागद गोळा करण्यात जाते. फाइल काखेत मारून तहसीलच्या व्हरांड्यात बसलेलं पोरगं बहुतेक वेळा शाळेचाच गणवेश घालून आलेलं असतं, कारण बाहेर घालायला त्याच्याकडे तोच एक बरा जोड असतो. बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये एक पालक गमावलेल्या मुलाला मिळू शकतात. पण त्यासाठी पुन्हा वेगळ्या टेबलावर वेगळी फाइल. बापाच्या मृत्यूची नोंद गावात एकदा झाली की बाकीचे कागद त्या नोंदीमागून आपोआप सरकले पाहिजेत. पोरानं शाळा बुडवून ते सरकवायचे, ही व्यवस्था क्रूर आहे आणि ती बदलायला नवा पैसाही फारसा लागत नाही.

आता त्या बाईकडे येऊ, जिच्याबद्दल तेरवीच्या पाटावर कोणी बोलत नाही. दुपट्टा पोराला जातो, पण उद्या सकाळी शेतात जाते ती माय. बियाणं कोणतं घ्यायचं, मजूर कोणाकडून सांगायचे, सोयाबीन आत्ता विकायचं की थांबायचं, हे सगळं तीच पाहते. कायद्यानं ती वारस आहे, मुलीही वारस आहेत, आणि २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. मग कर्तेपणाची खूण एकट्या मुलाच्या डोक्यावर का? त्यामुळं दोघांचंही नुकसान होतं. पोराला न पेलणारं नाव मिळतं, आणि बाईला काम मिळतं पण नाव मिळत नाही. बँकेत, सोसायटीत, बाजार समितीत तिला विचारलं जातं, घरी कोणी माणूस नाही का. ती मग त्या नववीतल्या पोराला पुढं करते.

इथं मला कमला खान आठवते. मार्व्हलच्याच कॉमिक्समधल्या कॅरोल डॅनव्हर्स या नायिकेनं २०१२ मध्ये मिस मार्व्हल हे नाव सोडून कॅप्टन मार्व्हल हे नाव घेतलं. रिकामं झालेलं ते जुनं नाव कमलानं उचललं. जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानातून आलेल्या घरातली सोळा वर्षांची मुलगी. जी. विलो विल्सन यांनी लिहिलेली तिची स्वतंत्र मालिका २०१४ मध्ये सुरू झाली. शक्ती मिळाल्यावर ती सुरुवातीला कॅरोलचंच रूप घेते, सोनेरी केस, उंच बूट. ते रूप तिला बोचतं. केस डोळ्यांवर येतात, बूट टोचतात, आणि आपण ज्या व्यक्तीसारखं व्हायचं स्वप्न पाहिलं ती होऊनही आपण सुखी नाही हे तिला कळतं. मग ती आपल्या बुर्किनीतून स्वतःचा पोशाख बनवते आणि स्वतःच्या सावळ्या चेहऱ्यानं बाहेर पडते. आमच्या गावांत बापाला अग्नी देणाऱ्या मुली आता दिसू लागल्या आहेत, लोक त्यांचे फोटो कौतुकानं पाठवतात. पण मुलीनं बापाची जागा घेतली म्हणजे ती 'पोरासारखी' झाली, असंच कौतुक होतं. तिनं मुलगी राहूनच कर्तं व्हावं आणि तेही वयात आल्यावर, स्वतःच्या मनानं, ही जागा अजून आपण तिला दिलेली नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो घेणारी माणसं मनापासून बोलतात. ती म्हणतात, जबाबदारीनंच पोरगं घडतं. आम्हीही लहानपणी नांगर धरला, आमचं काय वाईट झालं. त्यांच्या कष्टांपुढं मी वाकतो. पण जे टिकले तेच हे सांगायला उरले आहेत. सातवीत, नववीत शाळा सोडून सालगडी झालेले, पुण्याच्या बांधकामावर गेलेले, दारूत बुडालेले, आणि ज्यांनी पुढं बापाचीच वाट धरली ते, या चर्चेत कधी नसतात. जबाबदारी घडवते हे खरं, पण ती पेलायला शिकवणारं कोणी सोबत असलं तर. वॉली वेस्ट हा फ्लॅश या अफाट वेगानं धावणाऱ्या नायकाच्या नावाचा वारस. १९५९ पासून तो किड फ्लॅश म्हणून तेव्हाचा फ्लॅश बॅरी ॲलन याच्या बाजूनं धावत शिकत होता. बॅरी मेल्यावर १९८६ मध्ये त्यानं नाव घेतलं, तेव्हा तो तरुण झाला होता. इतकी तयारी असूनही पुढं कितीतरी काळ त्याला पूर्ण वेगानं धावता येत नव्हतं, कारण आपण पुढं गेलो तर बॅरी खरंच पुसला जाईल अशी भीती त्याच्या मनात बसली होती. आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कापूस, सोडून दुसरं काही लावावं असं ज्या पोराला वाटतं, किंवा शेती मक्त्यानं (ठरलेल्या रकमेवर कसायला) देऊन आयटीआयला जावं असं ज्याला वाटतं, त्याला हीच भीती अडवते. बापाचं शेत मक्त्यानं दिलं म्हणजे बापाला विकलं, असं गाव त्याला ऐकवतं.

हे ऐकवणं आपल्याच हातानं बंद करता येईल. बाप गेलेल्या घराचं शेत दोन-तीन वर्षं मक्त्यानं किंवा बटईनं (पिकातल्या वाट्यावर) गेलं तर त्यात कमीपणा नाही. मक्ता रास्त ठरावा, लेखी व्हावा आणि रक्कम त्या बाईच्या खात्यावर जावी, एवढी काळजी भावकीनं घ्यावी. पोरगं दहावीत एकदा थांबलं तर त्याला बाहेरून परीक्षा द्यायचा १७ नंबरचा फॉर्म भरून परत परीक्षेला बसता येतं. ही वाट आहे हे त्याला शाळेनं घरी जाऊन सांगावं, त्यानं येऊन विचारायची वाट पाहू नये.

आणि तेरवी. मी ती बंद करा म्हणत नाही. दुःखात माणसं जमतात, ते जमणं मोलाचं आहे. दुपट्टा मामानं आणावा, पण तो आधी त्या बाईच्या खांद्यावर पडू दे, आणि तिथं जमलेल्यांतल्या दोघा-तिघांनी पोराच्या पाठीवर हात ठेवण्याआधी चार माणसांसमोर आपलं नाव घेऊन सांगावं: या वर्षीची पेरणी मी पाहतो, सोसायटीतला आणि बँकेतला हिशेब मी या बाईसोबत जाऊन काढून आणतो, तहसीलची फाइल माझ्याकडे द्या. कोणी काय पत्करलं ते ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवावं, आणि पुढच्या ग्रामसभेत त्यातलं काय झालं ते मुख्याध्यापकांनी उभं राहून विचारावं.